मागं बघ

"हात खाली! दोघींचेही. काय चाललंय ते मलाही कळू दे."

बनसोडे सिस्टर फळ्याकडून गर्रकन वळल्या आणि माझी बोटं हवेतच राहिली. शेजारी बसलेल्या अनुसयाने वहीत डोकं घातलं. वर्गातल्या बाकीच्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. निम्म्या तरी आमच्याच गिरणीच्या होत्या. माझी बोटं काय बोलत होती हे त्यांना न सांगता कळलं होतं.

"काही नाही सिस्टर. माशी होती."

"रोज असते ती माशी?"

खाली बाजार समितीचे कांद्याचे गाळे होते, तेव्हा माशा खरंच रोज असायच्या. पण मी तसं बोलले नाही. माझं तोंड आधीच पुष्कळ सुटलेलं होतं आणि सिस्टरांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

सूतगिरणीला कुलूप लागलं त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. सोलापूरच्या अलीकडचं आमचं तालुक्याचं गाव. गिरणी होती तोवर गावाला घड्याळाची गरज नव्हती, भोंग्यावर चहा ठेवायचे आणि भोंग्यावर उतरवायचे. ती बंद झाली आणि आम्ही सगळ्या घरात बसून एकमेकींच्या खोड्या काढायला मोकळ्या झालो. मग सरकारने बाजार समितीच्या माडीवर एक कौशल्य केंद्र उघडलं. शिवणकाम, मोबाईलची दुरुस्ती आणि रुग्णसेवा. केंद्राचे प्रमुख हत्तुरे सर दारोदार फिरून बायांना गोळा करायचे.

"सर्टिफिकेट भिंतीला लावायचं नसतं, मालनबाई," ते मला म्हणाले होते, "पोटाला लावायचं असतं. रुग्णसेवा घ्या. सोलापूरचा मोठा दवाखाना इथं येऊन माणसं निवडून नेणार आहे. शिवाय दवाखान्याच्या मागं राहायला खोली."

खोली हा शब्द निघाला आणि माझ्या शेजारी उभ्या अनुसयाने तिथल्या तिथे नाव नोंदवलं.

तिचं कारण सगळ्या गावाला माहीत होतं. नवरा लवकर गेला, पोरगी नंदा एकुलती. गिरणीच्या चाळीत होती तोवर अनुसयाने कुणाचं ऐकून घेतलं नाही. चाळ रिकामी करावी लागली तशी भावाच्या मागच्या पडवीत आली. पडवीला दार नव्हतं, लुगड्याचा आडोसा होता. नंदा बारावीला होती, अभ्यासात चांगली होती आणि तिला पुढे शिकायचं होतं. भावजय मात्र उठता बसता एकच सांगायची, पोरगी वयात आलीय, माझ्या माहेरचं एक स्थळ आहे. स्थळ बिजवर होतं. अनुसयाला नोकरी हवी होती ती खोलीसाठी, आणि खोली नंदासाठी. बाकी तिला जगाकडून काही नको होतं.

आता त्या बोटांविषयी सांगते.

आम्ही दोघी रिंगखात्यात होतो, सूत कातणाऱ्या यंत्रांवर, म्हणजे साच्यांवर. तिथे साचे सुरू झाले की शेजारी उभ्या बाईचं बोलणंही ऐकू येत नसे. म्हणून खात्याची वेगळीच बोली होती. ओठ नुसते हलवायचे, आवाज काढायचा नाही, आणि जे ओठांत मावत नाही ते बोटांनी सांगायचं. आकड्यांना खुणा, मुकादमाला खूण, चहाला खूण. सगळ्यांत मोठी खूण म्हणजे हात वर करून वळलेली मूठ. मागं बघ. कारण साच्यावर उभ्या बाईच्या पाठीला दुसरा साचा असायचा, आणि पाठीला डोळे नसतात. रतन नावाची आमची एक मैत्रीण अशीच गेली, साच्याच्या टोकाला पट्ट्यात पदर अडकून. माझी तेव्हा दुसरी पाळी होती, मी तिथे नव्हते. एवढ्या आवाजात कुणाला काय ऐकू येणार, असं सगळेच म्हणाले, आणि मलाही ते खरं वाटलं.

अनुसया पोरवयापासून रिंगखात्यात होती. तिचे कान हळूहळू तिथेच राहिले. समोरून बोललं की ओठांवरून तिला सगळं कळायचं, इतकं की पुष्कळांना शंकाही येत नसे. पाठमोरं बोललं की संपलं. आणि बनसोडे सिस्टर शिकवायच्या फळ्याकडे तोंड करून. म्हणून मी बोटांनी सांगत होते.

वर्ग सुटल्यावर सिस्टरांनी आम्हा दोघींना थांबवून घेतलं. सरकारी दवाखान्यात जन्म घालवून निवृत्त झालेली बाई, आवाज फौजदाराचा. त्यांनी हजेरीचं रजिस्टर तोंडापुढे धरलं आणि त्याच्या आडून काहीतरी विचारलं. मला स्पष्ट ऐकू आलं. "अनुसयाबाई, तुमचं गाव कोणतं?"

अनुसया हसऱ्या तोंडाने रजिस्टरच्या पुठ्ठ्याकडे बघत राहिली.

सिस्टरांनी रजिस्टर खाली ठेवलं. "कधीपासून?"

"गिरणीपासनं," मी म्हणाले. "पण काम बघा तिचं सिस्टर. सगळ्या वर्गात अशी चादर कुणाला घालता येतीय का सांगा."

"तुम्ही गप्प बसा. मी त्यांना विचारतेय."

अनुसया म्हणाली, "मला खोली पायजे सिस्टर." तिचा आवाज नेहमीच जरा मोठा लागायचा. "पोरगी हाय माझी."

सिस्टरांनी खिडकी लावून घेतली. मग तिच्याकडे वळून, ओठ नीट उघडत म्हणाल्या, "मी शिकवीन. पुढं दवाखान्याची माणसं काय करतील ते माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्या फळ्यावर लिहायच्या, मग वळून आमच्याकडे तोंड करायच्या आणि मगच बोलायच्या. वर्ग दुप्पट लांबला. कुणी कुरकुर केली नाही.

अनुसया शिकली मात्र झपाट्याने. पेशंटला कुशीवर वळवणं, पाठ पुसणं, नाडी बघणं. नाडी बघताना ती डोळे मिटायची आणि तिच्या चेहऱ्यावर असं काही यायचं की कुणी मध्ये बोलत नसे. हत्तुरे सर पाहुण्यांना वर्ग दाखवायला आणायचे तेव्हा तिलाच पुढे करायचे. मला थोडा हेवाही वाटायचा. पण त्याहून जास्त वाटायचं, की ही बया एकदाची सुटली पाहिजे त्या पडवीतून.

शेवटी आम्हाला सरावासाठी गावच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं. तिथे सगळ्यांच्या तोंडाला मास्क. अनुसया पहिल्या दिवशी दारातच थबकली. मी तिचा दंड धरला आणि बोटांनी सांगितलं, मी हाय.

पण मी तरी किती पुरणार? एका दुपारी मी सलाइनची बाटली आणायला गेले होते. अनुसया वॉर्डात खाटेवर चादर बदलत होती. तिच्या पाठीमागच्या खाटेवर एक म्हातारा होता, मांडीचं हाड मोडलेला. मी पॅसेजमध्ये होते तेव्हाच त्याचा आवाज येत होता. "ए बाई... ए माय... भांडं दे गं." पुन्हा, पुन्हा. मी पावलं उचलली. मी दारात पोहोचले तेव्हा तो स्वतःच उठायला गेला आणि खाली कोसळला. अनुसया चादरीचा कोपरा गादीखाली नीट दुमडत होती. मला दारात बघून ती हसली. मग माझा चेहरा बघितला आणि वळली.

म्हाताऱ्याला फार लागलं नव्हतं. पण तो ओला झाला होता आणि स्वतःच्या पोराने मारल्यासारखा रडत होता. अनुसयाने त्याला उचललं, पुसलं, कपडे बदलले. पुन्हा पुन्हा म्हणत होती, "चुकलं बाबा, चुकलं."

संध्याकाळी घरी येताना तिने मला रस्त्यात थांबवलं.

"किती येळ हाका मारत हुता?"

"एकदाच," मी म्हणाले. "एकदाच मारली आन् पडला. कुनालाबी ऐकू आली नसती."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग चालायला लागली.

निवडीच्या दिवशी हत्तुरे सरांनी माडी झाडून घेतली, जिन्यात रांगोळी काढली. सोलापूरच्या दवाखान्याची गाडी आली. एक मेट्रन आणि एक तरुण डॉक्टर. मेट्रनबाई प्रश्न विचारणार, काम करवून बघणार, आणि डॉक्टर प्रत्येकीला तपासणार. डोळे, रक्तदाब, कान. कान तपासायची त्यांची पद्धत साधी होती. बाईला खुर्चीत बसवायचं, तिच्या मागे उभं राहायचं आणि हळू आवाजात एकेक आकडा म्हणायचा. तिने तोच परत म्हणायचा. बस्स.

माझी तपासणी आधी झाली. ती होईपर्यंत माझ्या डोक्यात बेत पक्का झाला होता. मी बाहेर आले आणि अनुसयाला जिन्यात गाठलं.

"मी पाण्याचा जग घिऊन समोर उभी ऱ्हाते. त्यो मागनं आकडा म्हनंल, मी जगावर बोटं दावते. तू बगायचं आन् म्हनायचं."

"मालन—"

"मालन न्हाई आन् फालन न्हाई. खोली पायजे का न्हाई?"

तिने पदराने तोंड पुसलं आणि मान हलवली. हो म्हणूनच हलवली. मला ती मान अजून आठवते.

मेट्रनपुढे अनुसयाने सगळ्यांना मागे टाकलं. खाटेवर झोपवलेल्या बाईला तिने एवढं अलगद वळवलं की मेट्रन हत्तुरे सरांकडे बघून म्हणाल्या, "अशी माणसं आम्हाला हवीत." सरांची छाती फुगली. कोपऱ्यात बनसोडे सिस्टर हाताची घडी घालून उभ्या होत्या.

मग खुर्ची. डॉक्टर तिच्या मागे गेला. मी जग घेऊन समोरच्या टेबलाशी उभी राहिले, पेले पुसतेय असं दाखवत.

"सात," डॉक्टर पुटपुटला.

मी बोटं दाखवली. अनुसयाने ती बघितली. "सात."

"छान. चार."

मी बोटं दाखवली. अनुसया माझ्याकडे बघत होती. माझी चार बोटं जगावर होती, तिला ती दिसत होती. मग तिने डोळे मिटले.

मला वाटलं पापणी लवली असेल. मी बोटं तशीच ठेवली.

"चार," डॉक्टर पुन्हा म्हणाला.

तिचे डोळे मिटलेले. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर. नाडी बघताना असायचा तसा चेहरा.

"बाई, ऐकू येतंय का?" आता डॉक्टर नेहमीच्या आवाजात म्हणाला. मग मोठ्याने. मी जग टेबलावर आपटला, मुद्दाम. तिला टेबलाचा हादरा कळला असणार, कारण तिची मान किंचित हलली. पण डोळे उघडले नाहीत.

हत्तुरे सर पुढे आले. "घाबरल्यात हो त्या. जरा थांबा, पाणी द्या त्यांना."

तेव्हा अनुसयाने डोळे उघडले, उठून उभी राहिली आणि मागे वळून डॉक्टरला नमस्कार केला. "मला ऐकू येत न्हाई, डॉक्टरसाहेब," ती म्हणाली. मोठ्या आवाजात, सगळ्या माडीला ऐकू जाईल अशी. "समोरचं कळतंय. मागचं न्हाई."

मेट्रन काहीतरी म्हणाल्या, की दवाखान्याच्या धुलाईत काम बघता येईल, पण त्या कामाला खोली मिळत नाही. अनुसयाने त्यांचेही आभार मानले. बनसोडे सिस्टर खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या होत्या.

मी तिला जिन्यात गाठलं. माझा जीव नुसता जळत होता.

"याड लागलंय का तुला? तोंडाशी आलेला घास! नंदाचा तरी इचार करायचा हुतास!"

रांगोळीवर पाय पडू नये म्हणून ती भिंतीला धरून उतरत होती. माझं बोलणं तिच्या पाठीवर पडत होतं, म्हणजे कुठेच पडत नव्हतं. मी पुढे जाऊन तिच्या समोर उभी राहिले आणि पुन्हा तेच बोलले. तिने सगळं वाचलं. "जाऊ दी गं," एवढंच म्हणाली.

त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही. मला नोकरी लागली, दवाखान्यामागची खोली मिळाली. खोलीला हिरवा रंग दिलेलं दार होतं आणि आतून कडी होती. मी कडी लावली की मला अनुसयाचा राग यायचा. इतका राग मला माझ्या सासूचाही कधी आला नव्हता.

पुढच्या वैशाखात नंदाच्या लग्नाची पत्रिका आली. तोच बिजवर. नंदाला अठरावं लागून पुरं झालं न झालं तोच भावजयीने तारीख धरली होती. जायचं नाही असं ठरवून मी एसटीत बसले.

मांडव भावाच्या दारात. नवरदेवाने डॉल्बी आणला होता, भिंतीएवढा, आणि तो असा दणाणत होता की पंगतीत पानावरचे द्रोण हलत होते. माणसं एकमेकांच्या कानाला लागून ओरडत होती आणि तरी कळत नव्हतं. अनुसया मांडवाच्या कडेला उभी होती. अंगावर नवं लुगडं, वाळलेली, कापसाच्या गिनिंगमध्ये कामाला जाते असं ऐकलं होतं. तिने मला बघितलं. मधे सगळं वऱ्हाड होतं. आणि तिने ओठ हलवले, नुसते, खात्यात हलवायचो तसे.

जेवलीस का?

माझे ओठ आपोआप हलले. न्हाई अजून.

मग जवळ जाऊन आम्ही समोरासमोर उभ्या राहिलो. त्या दणदणाटात सगळ्या मांडवात आम्ही दोघीच सुखाने बोलत होतो. आवाजाचा टिपूस न काढता.

"लई रागात हाईस," ती म्हणाली.

"व्हय."

"तू म्हनलीस, म्हाताऱ्यानं एकदाच हाक मारली. खोटं बोलतीस तवा तुझं ओठ लई सावकाश हलत्यात, मालन."

मी पदर सारखा केला.

"रतन माझ्या मागंच हुती," ती म्हणाली.

"कुठली रतन?"

"आपली. मी माझ्या साच्यावर धागं जोडत हुते. ती माझ्या पाठीशी, चार हातांवर. लई हाका मारल्या म्हनं तिनं. झाडूवाली खात्याच्या पार त्या टोकाला हुती, तिला ऐकू गेल्या. ती पळत आली. मी मधी हुते. मी धागं जोडत हुते."

तिचे ओठ शांतपणे हलत होते. तिच्या मागे पोरं नाचत होती.

"मला तवाच कमी याया लागलं हुतं. कुनाला सांगितलं न्हवतं, काम जाईल म्हनून. सगळी म्हनली, एवढ्या आवाजात कुनाला ऐकू येनार. मी बी म्हनले, व्हय, कुनाला ऐकू येनार. माझ्यासमोर कुनी न्हवतं त्या दिशी, मूठ दावायला."

"अनशे, तुझी काय चूक त्यात?"

"डॉक्टरानं पयला आकडा म्हनला तवा मला खोली दिसली. दार दिसलं. दुसऱ्याला त्यो म्हातारा दिसला, आन् त्याच्यामागं रतन. गिरणीत आवाज हुता, मालन. त्याच्याआड लपाया आलं. दवाखान्यात कुठं असतोय आवाज?"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मला तिचे ओठ दिसेनासे झाले. मी पदराने डोळे पुसले. मला तिला सांगायचं होतं की मी मूर्ख आहे, की तुझ्याइतकी धाडसाची बाई मी बघितली नाही, की नंदाचं मात्र हे असं व्हायला नको होतं.

"नंदा काय म्हनती?" मी विचारलं.

"काय म्हननार? पुस्तकं बांधून दिली तिनं शेजारच्या पोरीला. रडली न्हाई. माझ्याशी बोलत न्हाई, महिना झाला. एक शब्द न्हाई. मी तिच्या तोंडाकडं बगत बसते दिसभर, आन् ती तोंड फिरवून बसती. मला कळतंय, तिनं मुद्दाम..."

भटजींनी हात केला आणि डॉल्बी एकदम बंद झाला. अक्षता वाटायला सुरुवात झाली. मांडवात अशी शांतता पसरली की लहान मुलाचं रडणं तेवढं ऐकू येत होतं. अनुसयाला ते कळलं नाही. तिचे ओठ तसेच बिनआवाजाचे हलत राहिले, आणि माणसं त्या हलत्या ओठांकडे बघायला लागली.

तिच्या पाठीमागे, घराच्या दारात, नंदा येऊन उभी राहिली होती. मुंडावळ्या बांधलेल्या, हातात नारळ. मामा तिला बोहल्याकडे न्यायला हात धरत होता आणि ती पाऊल उचलत नव्हती.

"आई," ती म्हणाली.

पुन्हा म्हणाली. मग एवढ्या जोरात म्हणाली की भटजींचे हात थांबले. "आई!"

सगळा मांडव वळला. अनुसया माझ्याकडे बघून बोलत होती.

मी हात वर केला आणि मूठ वळली.